बिनखिळ्याची जाळी

मंडळी, मी शहापूरचा सुतार. आज जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पवनीत एका मुस्लिम कुटुंबाच्या घरी जुनी लाकडी जाळी काढून काचेची खिडकी बसवायची होती. जाळीत चांदण्या आणि षटकोनांची नक्षी होती. मी बाहेरची चौकट सोडवली आणि सगळे तुकडे खाली सांडले. एकही खिळा नव्हता, सगळं खाचेत खाच अडकवलेलं!

आवाज ऐकून घरमालकाची बायको, शमीमभाभी, धावत आल्या.

"दादा, हे काहून तोडून राहिले? मले विचारलं का कोणी?"

घरमालकांनी त्यांना न विचारताच मला बोलावलं होतं. मी म्हटलं, "परत बसवून देतो." तासभर झटलो, पण एक चांदणी जुळेना.

शेवटी भाभीच खाली बसल्या. "सरका. दरवर्षी रमजानच्या आधी मीच सारे तुकडे काढून पुसते अन् परत जुळवते. सासूबाईनं शिकवलं."

त्या मधल्या चांदणीपासून जुळवत गेल्या. मी नुसता तुकडे देत होतो. दुपारपर्यंत जाळी उभी राहिली.

घरमालक हळूच म्हणाले, "राहू दे दादा. काच मागच्या खोलीले लाव."

वीस वर्षं घरमालकांनी ती जाळी रोज पाहिली होती, पण ती जुळवताना बायकोला आज पहिल्यांदाच पाहिलं. तुमच्या घरात कोणाला काय येतं, कधी विचारलंय तुम्ही?