गमबुटाचं गिऱ्हाईक

बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली तेव्हा माझ्याकडे एक सायकल, एक रबरी शिक्का आणि भरपूर फुशारकी होती. नोकरी करणार नाही, धंदाच करणार, असं मी आमच्या अंथुर्ण्याच्या पारावर जाहीर करून बसलो होतो. भांडवल शून्य. नव्वदीची मधली वर्षं होती, बारामतीत रोज नवं दुकान उघडत होतं आणि प्रत्येक दुकानाला माझ्यासारखे दोन-चार बोलघेवडे लागत होते.

बाजारपेठेत रबरी मालाचं दुकान असलेल्या एका चाचांनी मला जवळ केलं. पगारावर नव्हे. मी गावोगाव हिंडायचं, पाइप, रेनकोट, गमबूट यांची तारीफ करायची आणि गिऱ्हाइकाच्या हातात माझा शिक्का मारलेली चिठ्ठी द्यायची. चिठ्ठी घेऊन माणूस दुकानात आला, माल घेऊन गेला, की मला कमिशन. माल चाचांचा, दुकान चाचांचं, मधली जीभ तेवढी माझी. हल्ली पोरं संगणकापुढं बसून हेच करतात आणि त्याला काहीतरी भारदस्त नाव आहे म्हणे.

पहिले चार महिने मी दिसेल त्याला दिसेल ते विकायला गेलो. मास्तरांना रेनकोट, हॉटेलवाल्याला पाइप, बागाईतदाराला गमबूट. चिठ्ठ्या लोक घ्यायचे आणि त्यात तंबाखू बांधायचे. नमुना म्हणून घेतलेला आठ नंबरचा गमबुटांचा जोड घरी कॉटखाली पडून होता. आमचे तात्या, म्हणजे वडील, एकदाच बोलले. "दिवाळीपातूर बघ. न्हाय तर कारखान्याच्या वजनकाट्यावर हंगामी उभा ऱ्हा. मामाला सांगून ठेवलंय मी." तात्या दोनदा बोलत नसत, त्यामुळे दिवाळी माझ्या मानगुटीवर बसली.

चाचांना मी रडगाणं ऐकवलं. ते पाइपाचं वेटोळं सरळ करत म्हणाले, "समद्यांना विकाया जाशील तर कुनालाच विकनार न्हाईस. ज्याचं दुखतंय आन ज्याला कुनी इचारत न्हाय, असा एक मानूस हुडक."

तो माणूस मला काटेवाडीच्या पुढं, कालव्याच्या कडेला एका रानात सापडला. माणूस कसला, एकवीस बाया. उसाची लागण चालली होती. सरीत पाणी सोडलेलं, त्यात कांड्या टाकायच्या आणि पायानं चिखलात दाबायच्या. सगळ्या अनवाणी. जेवायच्या सुट्टीत बांधावर बसल्या तेव्हा त्यांचे पाय मी पाहिले. बोटांच्या बेचक्यात चिखल्या, कातडी पांढरीफटक, टाचांना कांडीच्या चोयांनी पडलेल्या चिरा. गड्यांना पाण्याची दारं धरायला मालक गमबूट आणून देत होते. बायांच्या मापाचा गमबूट असतो हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं. माझ्या मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या पायांपेक्षा मला माझी दिवाळी आधी दिसली.

चाचांनी पुण्याहून चार, पाच, सहा नंबर मागवायची तयारी दाखवली. अडचण दुसरीच होती. ह्या बाया सावडीतल्या. आज हिच्या रानात, उद्या तिच्या रानात, एकमेकींच्या कामाला जाणाऱ्या. एकटीनं बूट घातला तर बाकीच्या तिला "आल्या बघा कलेक्टरीणबाई" म्हणून जगू देणार नाहीत. त्यांच्या म्होरक्या आक्कांनी मला रोखठोक सांगितलं, "घ्येतलं तर समद्या घेऊ. न्हाय तर एक बी न्हाय."

माप घ्यायचा प्रश्न मी सोडवला, आणि त्याचा मला भारी अभिमान होता. परक्या पुरुषानं पायाला हात लावणं बरं नव्हे, म्हणून मी वर्तमानपत्राचे कागद आणि पेन्सिल दिली. बायांनी एकमेकींच्या पावलाभोवती रेघ मारली, हसून हसून बेजार झाल्या. एकवीस कागद माझ्या पिशवीत आले. आता फक्त आक्कांनी हो म्हणायचं बाकी होतं.

आक्का म्हणाल्या, "पर बुटानं कांडीचा डोळा मोडला आन कोंबच फुटला न्हाय म्हंजी? जिचं रान तिचा मालक आमालाच बोलंल. तुमची आई बी जात आसंल की लागनीला?"

"जाते की."

"तिच्या पायात हायेत का बूट?"

आमच्या भागात विकणाऱ्याला हाच प्रश्न विचारतात. स्वतःच्या घरात नसलेली वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारायला निघालेला माणूस म्हणजे लबाड. मला हे चांगलं ठाऊक होतं. मी म्हणालो, "व्हय तर! वरीस झालं."

आक्कांचा चेहरा खुलला. "मंग झालंच. मंगळवारी आमी टेम्पो करून नरशिंपूरला देवाला चाललोय. अंथुर्णं वाटंतच हाय. आईला इचारतो आन चिठ्ठ्या घेतो."

मी सायकलवरून घरी आलो तो निम्मा मेलेला. आईच्या चिखल्या मला माहीत नव्हत्या असं नाही. सणवार नसताना तिच्या पायाला कायम मेंदी असायची. बेचक्यात मेंदी भरली की आग कमी होते. लहानपणापासून बघत आल्यामुळं आईचे पाय असेच असतात, असं मी धरून चाललो होतो. एकवीस परक्या बायांच्या पावलांचे कागद माझ्याजवळ होते आणि आईचं माप मला माहीत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी चाचांकडे नमुन्याला आलेला सहा नंबरचा जोड आणला. आईचा पाय त्यात अर्ध्यातच अडकला. पंचवीस वर्षं चिखल दाबून पाऊल पसरलेलं, बोटं फाकलेली. बायकी मापात त्याहून मोठा नंबर नव्हता. मी कपाळाला हात लावून बसलो आणि काय थाप मारलीय ते तिला सांगून टाकलं.

आई रागावली नाही. तिनं वाकून कॉटखालचा नमुन्याचा जोड ओढला, पदरानं पुसला आणि सहज पाय घातला. एकदम बरोबर बसला.

"तुला कसं कळलं?"

"तू आनलास तवाच घालून बघितला व्हता. तू बाजारला गेल्यावर."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आरं, धंद्याचा माल त्यो. मी कशाला मागू?"

इतके महिने ती रोज त्या बुटांभोवती झाडत होती, आणि मी बुटाला गिऱ्हाईक हुडकत पन्नास मैल सायकल मारत होतो. मला स्वतःची शिसारी आली. आई मात्र सोमवारी बूट घालून शेजाऱ्यांच्या लागणीला गेली, आणि जाताना मला म्हणाली, "खोटं मी बोलायची न्हाय बरं का."

मंगळवारी सकाळी टेम्पो दारात थांबला. बाया उतरल्या, चहा झाला. आक्कांनी आईच्या पायातले बूट पाहिले, मग मान वर करून विचारलं, "वरीस झालं म्हनत्यात?"

"कालपासनं," आई म्हणाली.

सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मी अंगणातल्या तुळशीकडं बघत राहिलो. आईनं खाली बसून एक बूट काढला आणि बोटं फाकवून आक्कांना बेचकं दाखवलं. "ह्ये बघा माजं. त्यो बोलला ती थापच हाय. पर काल मी चार सऱ्या दाबल्या. चवड्यानं दाबलं तर डोळा मोडतो, टाच लावायची, हलक्या पायानं. पयल्या दिशी जड वाटतंय. पर आज आग न्हाय."

आक्कांनी आईच्या पावलावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आना चिठ्ठ्या. तुमच्या शबुदावर न्हाय, ह्यांच्या."

मी एकवीस चिठ्ठ्यांवर शिक्का मारून दिला. टेम्पो नरसिंहपूरच्या वाटेला लागला. काट्यावर उभं राहायचं संकट टळलं होतं, धंद्याला वाट सापडली होती. पुढं इंदापूरपर्यंत मी सावडीच सावडी हुडकल्या. पण ते नंतरचं. त्या वेळी मी टेम्पोला वेशीपर्यंत पोचवून आईशी बोलायला घरात आलो, तर आई नव्हती. गमबूट स्वच्छ धुऊन, फडक्यानं कोरडे करून, जोडीनं पुन्हा कॉटखाली ठेवलेले होते.

मी ते उचलले आणि शेजाऱ्यांच्या रानाकडं पळत सुटलो. आई सरीत अनवाणी उतरली होती. माझ्या हातात बूट बघून तिनं लांबूनच हात हलवला.

"ऱ्हाऊ दे रं, मळत्याल. दुसऱ्या गावाला दाखवाया लागत्याल तुला."