दुसऱ्या छपाईत गळलेलं नाव

गेल्या शनिवारी एर्लांगेनला जाऊन आलो. कामाला नाही, फिरायलाही नाही... माफी मागायला.

आधी थोडं मागचं सांगतो. इथे जर्मनीत, नेकारसुल्मला नवीन आलो होतो तेव्हा फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, एका हंगेरियन बँडची रेकॉर्ड हाती लागली. प्रोग्रेसिव्ह रॉक. दहा-दहा मिनिटांची गाणी, चर्चमध्ये घुमतो तसा ऑर्गन, भाषेतलं एक अक्षर कळत नाही... आणि रेकॉर्ड संपेपर्यंत मी खुर्चीतून उठलो नाही. (बँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. उच्चारावरूनच कमेंट्स भरतील.)

मी संगीत कुठे शिकलेलो नाही. आयटीआय केलेला टूलमेकर, इथे कंपनीत मोजमाप विभागात. पण एखादी गोष्ट धरली की मुळापर्यंत जातो. डिक्शनरी उघडून हंगेरियन लेख वाचले आणि त्या बँडचा सगळा प्रवास एका वेबपेजवर मांडला.

बुडापेस्टच्या एका कॉलेजातली चार मुलं, सत्तरच्या दशकातले तीन अल्बम, मग ऑर्गन जाऊन आलेला सिंथेसायझर, सोपी नाचायची गाणी, आणि शेवटी गाजावाजा न करता थांबणं... कोण कधी आला, कोण कधी गेला, कुठल्या गाण्यात कोण काय वाजवतो, सगळं. इतकं नीट जगात दुसरीकडे कुठे नाही, हे मी आजही म्हणेन.

त्या पानावर एक ओळ होती. 'दुसऱ्या अल्बममध्ये इश्तवान नाही.' इश्तवान म्हणजे पहिल्या अल्बमचा ऑर्गनवाला. माझ्याकडच्या कव्हरवर त्याचं नाव नव्हतं, ऑर्गनपुढे गायकाचं नाव छापलेलं होतं. विषय संपला.

तीन आठवड्यांपूर्वी इश्तवानच्या मुलीचा, एस्तरचा, मेल आला. इथली एक छोटी रेकॉर्ड कंपनी तो दुसरा अल्बम पुन्हा काढतेय आणि वादकांची नावं त्यांनी माझ्या पानावरून घेतली आहेत. कव्हर लवकरच छपाईला जाईल. 'त्यात ऑर्गन माझ्या वडिलांनी वाजवलाय. ते म्हणतात, जाऊ दे. मला जाऊ द्यायचं नाही.'

मी काय उत्तर द्यावं? 'कव्हरवर नाव नाही. पुरावा असल्यास पाठवा.' ...हे लिहिताना मला बरंच वाटलं होतं, कबूल करतो.

जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, कव्हरवर नाव नाही म्हणजे माणूसच नव्हता? आपल्या पत्रिकेत माझ्या मामांचं नाव राहिलं होतं. पंगतीत वाढायला तेच होते ना?" मग पोळी वाढता वाढता, "आणि पत्रिकेचं प्रूफ तुम्हीच तपासलं होतं."

दुसऱ्या दिवशी एस्तरने फोटो पाठवला. तेच कव्हर... आणि ऑर्गनपुढे इश्तवानचं नाव. खाली दोन ओळी. अल्बम आल्यावर बँड पश्चिम जर्मनीत कार्यक्रमांना आला होता, वडील परत गेलेच नाहीत. तिकडे तेव्हा कम्युनिस्ट राजवट; त्यानंतर जी छपाई झाली, तिच्यातून देश सोडला म्हणून त्यांचं नाव काढलं गेलं.

भिंग घेऊन माझी रेकॉर्ड तपासली. दुसरी छपाई. रोज मायक्रॉनमध्ये मोजणारा माणूस मी, आणि इतकी वर्षं दुसरी छपाई पहिली समजून बसलो होतो.

लगेच त्या रेकॉर्ड कंपनीला कळवलं. त्यांचं म्हणणं, ठीक आहे, पण वादकाच्या सहीचं पत्र सोमवारपर्यंत हवं. पोस्टावर भरवसा ठेवायची हिंमत नव्हती, म्हणून पत्र टाइप करून शनिवारी गाड्या बदलत स्वतःच एर्लांगेनला, इश्तवानच्या घरी निघालो. बॅगेत माझी ती रेकॉर्डही घेतली. रस्ताभर मनात जर्मनमध्ये माफी घोकत होतो.

दार इश्तवाननीच उघडलं. उंच, किंचित वाकलेले. मला नीट पाहून म्हणाले, "मी नव्हतो म्हणणारे ते तुम्हीच का?"

"या," मी म्हणालो, म्हणजे जर्मनमध्ये 'हो'. घोकलेली सगळी माफी तेवढ्यातच संपली.

"मग कॉफी घ्या. नसलेल्या माणसाच्या हातची."

रेकॉर्ड लावली. दुसऱ्या बाजूला एके ठिकाणी ऑर्गन क्षणभर नाहीसा होतो आणि परत येतो. त्या शांततेवर मी पानावर दोन परिच्छेद लिहिलेत... पोकळी, ताण, वगैरे. ते त्यांना भक्तिभावाने सांगितलं.

ते हसायला लागले. "आवाजाच्या पेडलवरून पाय घसरला होता हो. पुन्हा वाजवायला स्टुडिओत वेळ उरला नव्हता. पण तुमचं कारण छान आहे, तेच ठेवा."

"नाही, दुरुस्त करणार," मी म्हणालो. बहुतेक तिथेच आमचं जमलं.

मग सही. त्यांनी चष्मा लावून पत्र शब्द न् शब्द वाचलं, पेन उचललं... आणि सही करायच्या आधी तिसऱ्या गाण्यावर काट मारली. "यात मी नाही. मला ताप होता. हे खरंच आमच्या गायकाने वाजवलंय."

मी म्हणालो, "इतकी वर्षं तुमचं सगळंच नाव गेलं होतं. एका गाण्याचं काय एवढं?"

"गेनाऊ. अगदी बरोबर. म्हणूनच," ते म्हणाले, आणि सही केली.

सोमवारी कंपनीचं नवीन कव्हर मेलवर आलं. ऑर्गन: इश्तवान. तिसरं गाणं: गायक. चार वेळा तपासलं, मग बायकोला तपासायला लावलं. तिने प्रूफ वाचून मान डोलावली, तेव्हा कुठे हुश्श केलं... तीन आठवड्यांत पहिल्यांदा जेवण गोड लागलं. मामांनाही फोन झाला.

पान दुरुस्त केलंय. पोकळी आणि ताण गेले, तिथे आता 'पाय घसरला' आहे. आणि सगळ्यात खाली एक नवीन ओळ टाकली आहे... 'काही चुकलं असेल तर कळवा. पुरावा नंतर पाहू.'