पाच कारखाने आणि मामांचा शब्द

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो माझ्या मामांचा. चाकणच्या एका छोट्या कारखान्यात ते सुटे भाग तपासतात. बारावीनंतर त्यांनी मला गावाहून दिघीला आणलं आणि आपल्या दोन खोल्यांत सहा वर्षं ठेवून घेतलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पीएचडीला लागलो तेव्हा मामा शेजाऱ्यांना सांगायचे, "भाचा कुलपावर संशोधन करतोय राव. न उघडता आतलं मोजायचं!"

ते फारसं चूक नव्हतं. कुणाचाही आकडा उघड न करता सगळ्यांची बेरीज काढायची, हा माझा विषय. चाचणीला पाच कारखाने हवे होते. माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीकडून नापास होऊन परत आलेल्या मालाचा आकडा प्रत्येकाने आधीच्याकडून आलेल्या बेरजेत मिसळून पुढे पाठवायचा. पहिला त्यात एक गुप्त संख्या घालतो आणि शेवटी तीच वजा करतो. मालक तयार होईनात. मग मामांनी आपल्या मालकाकडे शब्द टाकला, "पोरगं घरचं हाय, आकडा बाहेर जाणार न्हाई." ते आले म्हणून बाकीचे आले.

अट एकच होती. एखाद्याच्या आधीच्याने पुढे पाठवलेली बेरीज आणि नंतरच्याला मिळालेली बेरीज त्या दोघांनी एकमेकांना दाखवायची नाही. दाखवली तर मधल्याचा आकडा साध्या वजाबाकीने निघतो. पण ते स्पर्धक, दाखवतील कशाला? प्रबंधात मी तसं लिहूनही टाकलं.

दोन महिन्यांनी मामांच्या कारखान्याची ऑर्डर पाचांतल्याच, त्यांच्या नंतरच्या कारखान्याकडे गेली. यांचा किती माल नापास होतो, हे त्याने कंपनीत नेमकं सांगितलं होतं. मी चाकणला धावलो. गेटवर मालक मामांना सुनावत होते, "काय हो, हेच का तुमच्या भाच्याचं कुलूप? महिनाभरात दुसरीकडं बघा."

मामा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "आमच्या आधीचा आन् नंतरचा, दोघांकडं कॉम्प्युटरवर आकडे भरायला एकच बाई येती. सकाळी इथं, दुपारी तिथं. अख्ख्या चाकणला म्हाईत हाय. तू इचारलंच न्हाईस."

माझे मार्गदर्शक म्हणाले, "अट लिहिलेली आहे, सिद्धता बरोबर आहे. प्रबंध जमा करून टाक." मारुंजीच्या माझ्या भाड्याच्या खोलीवर येऊन मी ती सिद्धता पुन्हा वाचली. खरंच, एक ओळही चुकलेली नव्हती. मामांची नोकरी मात्र जात होती. चार दिवसांनी मी त्यांना हे पत्र पाठवलं:

"मामा, साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही 'असू दे' म्हणाल आणि मी गप्प बसेन, म्हणून लिहितो. प्रबंध जमा केला नाही. शिष्यवृत्ती संपत आली आहे, पुढचं ठाऊक नाही. चूक माझी, तुमची नाही, असं मालकांना लिहून दिलंय. सोमवारी समोर जाऊनही सांगेन. ते ऐकतील असं वाटत नाही. ऑर्डर परत आणायचा कुठलाही उपाय मला सुचत नाही. मामींना नोकरीचं अजून सांगितलं नसेल तर मी येईपर्यंत थांबा. ते मी सांगतो.

तुमचा भाचा"