कांप दे मास्कचा नट

कुठलीही भूमिका मिळाली की आत्मारामकाका आधी एकच गोष्ट विचारायचे. "हा माणूस आज सकाळी काय खाऊन आला आसंल?"

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो टीव्ही केंद्राच्या व्हरांड्यात. सत्तरचं दशक संपत आलं होतं. पुण्याला राहून मराठी शिकून मी नुकतीच मॉरिशसला परतले होते. सकाळी वाक्वाच्या शाळेत शिकवायचे आणि आठवड्यातून दोन दुपारी क्युरपिपच्या या केंद्रात जाऊन मराठी नाटुकल्यांतल्या नटांचे उच्चार तपासायचे. त्या दिवशी बाकावर पन्नाशीचा एक काटक माणूस वॉचमनचा खाकी कोट घालून बसला होता आणि शिळा फाराटा चहात बुडवून खात होता. फाराटा म्हणजे आमच्याकडचा पराठा. मी त्याला खराच वॉचमन समजले आणि स्टुडिओचं दार कुठलं ते विचारलं. त्याने उठून मला अदबीने दारापर्यंत नेलं आणि मग हळूच म्हणाला, "मिस, मला एकच वाक्य हाय. 'साहेब घरात न्हाईत.' पण ह्यो वॉचमन रातची शिळी भाकर खाऊन आला आसंल, न्हाय काय? म्हनून म्या बी शिळा फाराटा आनला. पोटात काय हाय ते ठावं नसंल तर तोंडातनं काय निघनार?"

मला हसू आलं. पण त्यांनी ते वाक्य म्हटलं तेव्हा त्या साहेबाविषयी, त्याच्या घराविषयी आणि वॉचमनच्या पगाराविषयी बरंच काही मला कळलं. एवढ्याशा वाक्यात हे कसं मावलं, ते पुण्यात मला कुणी शिकवलं नव्हतं.

काका कांप दे मास्क गावचे. पहाटे मळ्यात वांगी, मिरच्या, तांबडा भोपळा. आठवड्यातून दोनदा फ्लाकचा बाजार. आणि उरलेल्या वेळात सिनेमा. त्या वर्षांत मुंबईची, पॅरिसची माणसं कॅमेरे घेऊन आमच्या बेटावर यायची. त्यांना समुद्र हवा असायचा, आणि समुद्रासमोर उभं राहायला चार माणसंही हवी असायची. त्या चारांत काका ठरलेले. मुंबईच्या एका सिनेमात ते हवालदार होते, दुसऱ्यात नायिकेमागे होडी वल्हवणारे नावाडी. एका फ्रेंच सिनेमात त्यांच्या डोळ्यावर काळी पट्टी बांधून त्यांना समुद्री चाचा केलं होतं. "मिस, माझा चेहरा म्हंजे धर्मशाळा," ते म्हणायचे. "कुनीबी या, रातभर ऱ्हावा."

याच फ्रेंच मंडळींनी एकदा त्यांना प्रेत केलं. बेल मारच्या वाळूवर ते पालथे पडले होते. कॅमेरा सुरू झाला आणि एक खेकडा येऊन त्यांच्या पायाच्या बोटाला चावला. काका हलले नाहीत. दृश्य संपल्यावर दिग्दर्शकाने धावत येऊन त्यांना मिठी मारली, तेव्हा ते लंगडत उठले. मी विचारलं, "काका, ओरडला कसे नाहीत?" ते गंभीरपणे म्हणाले, "अयो मिस, मेलेल्या मानसानं खेकड्याला काय बोलायचं?"

माझं आणि त्यांचं भांडण एकाच गोष्टीवर व्हायचं. त्यांचं मराठी आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी कोकणातून, घाटावरून जहाजात घालून आणलेलं, त्यात बेटावरची क्रेओल बोली मुरलेली. मला पुण्याच्या मराठीचा फार अभिमान. 'हाय' नाही, 'आहे' म्हणा, असा माझा धोशा. ते निमूटपणे दहादा 'आहे' म्हणायचे आणि अकराव्यांदा म्हणायचे, "मिस, तुमचा 'आहे' पावन्यावानी ताठ बसतो. माझा 'हाय' घरचा हाय, तंगड्या पसरून बसतो." शेवटी आमच्यात तडजोड झाली. वकील, डॉक्टर, सरकारी अधिकारी 'आहे' म्हणतील, बाकीचे सगळे 'हाय'.

मग त्यांना पहिली मोठी भूमिका मिळाली आणि तिनेच घात केला. चार भागांचं नाटुकलं होतं आणि काका दुष्ट सासरे. सून वाढते ते ताट ते भिरकावून देतात, तिच्या माहेरचा उद्धार करतात आणि दुसऱ्या भागाच्या शेवटी तिला थोबाडीत मारतात. घरात टीव्ही नसलेली माणसंही शेजारी जाऊन पाहायची. तो भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी काका फ्लाकच्या बाजारात गेले, तर रोजच्या बायका त्यांच्या वांग्यांकडे बघेनात. एकीने तर टोपलीसमोर उभं राहून सुनावलं, "आदी सुनंला नीट वागवा, मंग लेगिम इका!" लेगिम म्हणजे भाजी. काका हे मला सांगताना आनंदाने फुलले होते. "मिस, पाच किलो वांगी परत न्हेली. पाच किलो! म्हंजे काम झ्याक झालं."

हा आनंद आठवडाभर टिकला. त्यांची धाकटी मुलगी सुनीता हिचं लग्न मोंतान्य ब्लांश गावच्या प्रकाशशी ठरत आलं होतं. प्रकाश सरकारी दवाखान्यात नोकरीला, मुलगा गुणी, दोघांची पसंतीही झालेली. बोलणी पक्की करायला काका त्यांच्या घरी गेले. प्रकाशची आजी, भागीरथीबाई, चहाचा कप हातात घेऊन बाहेर आली. तिने काकांचा चेहरा पाहिला, कप तसाच खाली ठेवला आणि म्हणाली, "ह्या मानसाच्या घरची पोरगी मला नको. ह्यो सुनंला मारतो."

"आजी, ते नाटक हाय," काका म्हणाले.

"म्या माझ्या डोळ्यानं बघितला. ताट बी फेकलंस तू."

प्रकाशने समजावलं, त्याच्या आईने समजावलं. आजी हलेना. त्या घरात तिच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. काका घोटभर चहा न घेता परतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्टुडिओत आले तेव्हा मी त्यांना पहिल्यांदाच कुठल्याही भूमिकेशिवाय पाहिलं. खांदे पडलेले, हातात टोपी. "मिस, शेवटचा भाग करतो आनि फिनी. बास झालं. पोरीचं लगीन मोडून मी कसला नट?"

सुनीता त्यांच्याबरोबर आली होती. ती शाळेत क्रेओल आणि फ्रेंच बोलून वाढलेली, मराठी जपून बोलायची. ती म्हणाली, "पापा, तुम्ही सोडलं ना, तर मीच लगीन नाय करनार. मग आजीला सांगा, दोघं बी घरी बसले." आणि तिला रडू फुटलं.

मला सुचलं ते मी बोलून टाकलं. "आजीला इथंच आणू या. शेवटच्या भागात पुन्हा थोबाडीत मारायची आहे ना? बघू दे तिला."

काकांनी डोळे विस्फारले. "पुन्हा मारताना दाखवू? मिस, तुम्ही माझ्या बाजूनं हाय ना?"

पुढच्या आठवड्यात प्रकाश आजीला दोन बस बदलून क्युरपिपला घेऊन आला. हिरवं लुगडं, खांद्यावर शाल, चेहरा साक्षीदाराचा. तिला कॅमेऱ्याशेजारी खुर्ची दिली. काकांनी लांबूनच हात जोडले. तिने मान फिरवली.

सुनेचं काम करणारी लीला रोझ हिल शहराच्या पोस्टात नोकरी करायची, मोठी हसरी मुलगी. दृश्याआधी काका तिच्याजवळ गेले. "पोरी, डावा गाल ना? मी हात हवेतच थांबवतो. तू भिऊ नको." लीला म्हणाली, "काका, तुम्हीच भिताय." आजीने कान टवकारले.

दिग्दर्शकाने खूण केली. काका क्षणात बदलले. डोळे बारीक, जबडा आवळलेला. हात उगारला, खाली आणला, आणि फाटकन आवाज झाला. लीला कोलमडली. त्याच वेळी आजी खुर्चीतून ताडकन उठून ओरडली, "मेल्या, हात झडंल तुझा!"

"कुपे!" दिग्दर्शक ओरडला. आमच्याकडे अर्धे लोक 'कट' म्हणतात आणि अर्धे 'कुपे'. सगळे थांबले. काकांचा चेहरा उतरला. पण ते आजीकडे गेले नाहीत; आधी लीलाकडे वाकले. "लागला नाय ना? खरं सांग. बोट तरी लागला?" लीला हसत उठली आणि गाल पुढे करून म्हणाली, "बघा की, पावडर बी निघाली नाय."

आजी गोंधळली. "मंग आवाज कुठनं आला?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सेटच्या रंगवलेल्या भिंतीमागे उभी होते आणि माझे दोन्ही तळवे लाल झाले होते. थोबाडीतला आवाज काढण्याचं काम माझ्याकडे होतं.

आजी काठी टेकत भिंतीमागे आली. माझे हात उलटेपालटे करून पाहिले. "म्हंजे मारतीस तू!"

"मी फक्त टाळी वाजवते, आजी."

"आनि ह्यो?"

"ते हवेत हात फिरवतात."

आजीने काकांकडे पाहिलं. ते टोपी चुरगाळत उभे होते, चुकून परीक्षेला बसवलेल्या पोरासारखे. मग आजी माझ्याकडे वळली. "तुझा आवाज पोचट हाय. सरक तिकडं."

दृश्य पुन्हा घ्यायचंच होतं. दिग्दर्शक शहाणा माणूस, त्याने हरकत घेतली नाही. आजीने शाल आणि काठी प्रकाशकडे दिली, दोन्ही हात झटकले आणि काकांचा हात खाली येताच अशी टाळी वाजवली, की आवाजयंत्रावरच्या माणसाने कानावरचे हेडफोन काढून टाकले. त्या मराठी नाटुकल्यातली सर्वांत गाजलेली थप्पड ती. शेवटचा भाग लागला त्या संध्याकाळी मोंतान्य ब्लांशमध्ये आजी घरोघर सांगत होती, "दुसरी थप्पड माझी हाय." लग्नाची तारीख तिनेच काढायला लावली.

लग्न कांप दे मास्कला काकांच्या अंगणात झालं, बांबू आणि ताडपत्रीच्या मांडवात. मी गेले होते. पाठवणीची वेळ झाली, सुनीता सगळ्यांच्या गळ्यात पडून रडत होती, आणि काकांचा पत्ता नव्हता. मी मांडवामागे शोधायला गेले. काका पाहुण्यांना बसायचे बाक एकावर एक रचत होते. एकटेच, घाईघाईने, जणू ते न्यायला कोणी वाट पाहत उभं होतं. मी म्हटलं, "काका, सुनीता निघालीय." ते म्हणाले, "येतो, मिस. एवढे बाक व्हऊन जाऊ द्या." त्यांनी शेवटचा बाक रचला, कपडे झटकले, जाऊन मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि कोरड्या डोळ्यांनी तिला गाडीत बसवलं.

काही महिन्यांनी आमच्या एका नाटुकल्यात पाठवणीचं दृश्य आलं. काका मुलीचे वडील. रडण्यासाठी ग्लिसरीन आणून ठेवलं होतं. काकांनी बाटली बाजूला सारली आणि दिग्दर्शकाला म्हणाले, "मला चार बाक द्या." दिग्दर्शकाने मुलीकडे कॅमेरा लावायचं ठरवलं होतं. पण काका मागे बाक उचलायला लागले आणि कॅमेरामनने आपणहून कॅमेरा त्यांच्याकडे वळवला. चारही बाक रचून झाले तरी कोणी 'कट' म्हटलं नाही, 'कुपे'ही नाही. काका थोडा वेळ रिकाम्या हातांनी उभे राहिले. मग इकडेतिकडे बघून विचारलं, "आनखी बाक हायत काय?" हे वाक्य संहितेत नव्हतं. ते आम्ही तसंच ठेवलं, आणि त्यातला 'हाय' दुरुस्त करायचं माझ्या मनातही आलं नाही.

पुढे मला शाळाखात्यात बढती मिळाली आणि स्टुडिओ सुटला. काकांची माझी शेवटची भेट ऐंशीचं दशक सरताना झाली. मी शाळेच्या मुलांना घेऊन बेल मारला सहलीला गेले होते. किनाऱ्यावर परदेशी सिनेमाचं चित्रीकरण चाललं होतं. नायक-नायिका दोरखंडाच्या आत पळत होते आणि त्यांच्या मागे, बऱ्याच लांब, काका मासे विकत होते. मी हाका मारल्या, हात हलवला. त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. अर्ध्या तासाने काम थांबलं तेव्हा ते वाळूतून धावत आले, "कि मान्येर, मिस? बऱ्या हाय न्हवं?" म्हणत.

"मघापासून हाका मारतेय, काका!"

"ऐकलं मी. पन गिऱ्हाइकं सोडून कसा येऊ?"

दुसऱ्या वर्षी, ऊसतोडीच्या दिवसांत ते गेले. तो सिनेमा नंतर आमच्याकडे लागला आणि मी तो पाहिला. काका दोन-तीन सेकंद दिसतात, एका बाईला मासा तोलून देताना. नायक त्या वेळी काहीतरी फार महत्त्वाचं बोलत होता म्हणे. मी ऐकलं नाही. त्या बाईला मासा पसंत पडतो की नाही, ते मी बघत होते.