पान कोणाच्या बाजूने सुलट

पत्ते वाचायला मी कधीच नीट शिकले नाही. शेवटपर्यंत पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवूनच सांगत असे, आणि बोट नेमकं कुठल्या ओळीवर आहे हे माझ्याशिवाय कोणाला कळत नसे. आमच्या चाळीतल्या बायकांत इंग्रजी वाचणारी मी एकटीच होते.

वडील नंदुरबार स्टेशनात पार्सल क्लार्क होते. मुलीने इंग्रजी शिकावं असं त्यांच्या मनात फार, म्हणून मला लहानपणीच भुसावळला मामांकडे ठेवलं होतं. तिथल्या इंग्रजी शाळेत शिवण शिकवणाऱ्या एक अँग्लो-इंडियन बाई होत्या. लढाई सुरू झाल्यावर त्या नोकरी सोडून मद्रासला मुलाकडे निघाल्या, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी रुमालात बांधलेला पत्त्यांचा एक जोड आणि एक पातळ पुस्तक माझ्या हातात ठेवलं. मलाच का, ते मी विचारलं नाही. वर्गात सगळ्यात कमी बोलणारी मी होते, त्यामुळे असेल.

त्याच वर्षी शाळा संपवून मी घरी आले. घरी म्हणजे रेल्वेच्या चाळीत. रुळांपलीकडे मिरच्यांच्या पथाऱ्या पसरलेल्या असत. वारा फिरला की अख्खी चाळ शिंकायची. बायकांची बोली अहिराणी, आणि माझी लहानपणची अहिराणी पार मोडून गेली होती. मी शाळेतल्या पुस्तकासारखं मराठी बोलायचे आणि त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांनी मला मडम नाव ठेवलं. मग मी बोलणंच कमी केलं आणि दुपारभर पत्ते घेऊन बसू लागले.

पुस्तकावर टॅरो असं नाव छापलेलं होतं. अठ्ठ्याहत्तर पानं. खेळायच्या पत्त्यांत बदाम-इस्पिक असतात, तसे यांत प्याले, तलवारी, काठ्या आणि नाणी होती; शिवाय वीज पडलेला मनोरा, उलटा टांगलेला माणूस अशी निराळी चित्रं. प्रत्येक पानाला दोन अर्थ, सुलट पडलं तर एक आणि उलट पडलं तर दुसरा. मी रोज एक पान पाठ करायचे आणि संध्याकाळपर्यंत कालचं विसरायचे.

आईला पत्ते म्हणजे जुगार एवढंच ठाऊक. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "घरमा हाई नको. तुन्हा बापले समजनं तं मन्हं काही खरं नही." पण चित्रं पाहिली, पैसे लावायचे नसतात हे कळलं, तेव्हा तिनेच शेजारणीला सांगितलं. शेजारणीने तिच्या जावेला सांगितलं. मग वडील ड्यूटीवर गेले की दुपारी आमच्या मागच्या ओट्यावर दोन-तीन बायका येऊन बसू लागल्या. मिरचीचे देठ खुडून आलेल्या असत, म्हणून मी त्यांना आधी हाताला तेल लावून धुवायला सांगायचे. एकदा तसाच हात लागलेलं पान मी हाताळलं, डोळा चोळला आणि तासभर रडत बसले. त्यावर एक म्हातारी म्हणाली, "हाई पोर आपलं भविष्य देखीसन रडी ऱ्हायनी." सगळ्याजणी हसल्या, मीसुद्धा. चाळीत आल्यापासून त्यांच्याबरोबर हसण्याची माझी ती पहिलीच वेळ असावी.

तीच म्हातारी पुढे म्हणाली होती, "भगत दाना देखस, हाई पोर चित्तर देखस. दाना तरी खावाले कामे येस."

पुस्तकात लिहिलेलं सगळं आमच्या ओट्यावर चालायचं नाही. पत्ते डाव्या हाताने कापावेत असं त्यात होतं. बायकांना तसं सांगितलं तर त्या हातच मागे घेत. शुभ-अशुभ विचारायचं आणि डावा हात पुढे करायचा, हे कुणाला पटेना. मी उजव्या हाताने कापू दिले आणि मनात भीती राहिली की अर्थ बिघडत असेल. दुसरी एक सूचना मात्र मी काटेकोर पाळायचे. विचारणारी व्यक्ती समोर बसली असेल, तर पान तिच्या बाजूने सुलट आहे की उलट ते पाहावं, कारण पत्ते पिसणारे हात तिचे असतात. त्यामुळे प्रत्येक पानाला मी मान वाकडी करून समोरच्या बाजूने पाहायचे. बायका म्हणत, "पोरना मानमा लचक भरी जाई."

या सगळ्यात माझ्या शेजारी बसून पानं गोळा करणारी एक मुलगी होती. चाळीमागच्या पिंजाऱ्याची मुलगी, माझ्याच वयाची. तिच्या घरातून दिवसभर पिंजणाच्या तारेचा आवाज यायचा आणि तिच्या वेणीत कुठेतरी कापसाचा एक तंतू अडकलेला असायचाच. मराठी मुलींच्या शाळेतून ती सातवीची फायनल परीक्षा पास झाली होती. घरी हिंदी, बाहेर अहिराणी, आणि शाळेतलं मराठी माझ्यापेक्षा चांगलं. ती माझ्याकडे इंग्रजी अक्षरं शिकायला आली आणि मला अहिराणी शिकवून गेली. माझी चूक झाली की ती पाठीत धपाटा घालायची. "मडम, शे म्हन. आहे नको म्हनू, सरकारी कागद वाटस." तिच्याशी मी बोलू शकत होते. दुसऱ्या कोणाशीच नाही, आईशीही नाही.

फाल्गुनाच्या सुमारास तिला धुळ्याहून पत्र आलं. शिक्षिकांच्या ट्रेनिंगच्या वर्गात तिला जागा मिळाली होती. राहण्याची सोय तिथेच, दोन वर्षं, मग शाळेत नोकरी. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. तिने अर्ज केला होता हे मला तेव्हाच कळलं. तिने ते माझ्यापासून लपवलं होतं असं नाही. जागा मिळेल असं तिलाच वाटलं नव्हतं.

तिची आई, जिला मी चाची म्हणायचे, मनापासून विरोधात होती. "अपने में कोई गई है क्या आज तक?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणे. दोंडाईच्याहून मामाच्या मुलाचं स्थळ आलेलं होतं. तिचे वडील, माझे चाचाजी, पिंजण चालवत म्हणाले, "जाना है तो जा. रोकनेवाला मैं कौन." ठरवायचं तिने होतं, आणि ती दोन्हीकडे ओढली जात होती. शुक्रवारी दुपारी ती ओट्यावर आली. दुसरं कोणी नव्हतं.

"मन्हं दख," ती म्हणाली. "आजलगून सगळ्यासनं दखं, मन्हं एकदा बी नही."

त्या आठवड्यात मला झोप नीट लागली नव्हती. ती गेल्यावर दुपार कशी जाईल, हे मी रोज मनात मांडून पाहत होते. हे मी तिला सांगायला हवं होतं. सरळ म्हणायला हवं होतं की तू जाऊ नयेस असं मला वाटतं, पण तू जा. मला तसं बोलता आलं नाही. मी पत्ते पुढे केले.

तिने पिसले, उजव्या हाताने कापले, एक पान काढून पाटावर ठेवलं. आठ प्याल्यांचं पान. प्याले मांडून ठेवलेले, आणि काठी घेतलेला एक माणूस त्यांच्याकडे पाठ करून डोंगराकडे निघालेला. माझ्या बाजूने त्याचं डोकं खाली होतं. तिच्या बाजूने तो नीट पायांवर चालत होता. सुलट पानाचा अर्थ मला पाठ होता: आहे ते मागे ठेवून निघा.

"हाऊ कथा चालना?" तो माणूस कुठे निघालाय, असं तिने विचारलं.

मी पुस्तक उघडलं.

"सगळं टाकीसन डोंगरकडे चालना," तिचं तिनेच सांगितलं. "माले तं सुलटा दिसस."

"वाचणाऱ्याच्या बाजूने पाहायचं असतं," मी म्हणाले. "माझ्या बाजूने उलटा आहे."

"पुस्तकमा तसं लिखेल शे?"

"हो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पानावर नजर ठेवली.

"मंग उलटाना अर्थ काय?"

मी ओळीवर बोट ठेवून वाचलं, "जे शोधायला निघालात ते घरीच आहे." आणि त्याला जोडून म्हणाले, "निघू नका." ते दोन शब्द पुस्तकात नव्हते.

"बरं," ती म्हणाली. तिने पानं गोळा केली, कडा सारख्या केल्या, रुमालात बांधून दिली आणि घरी गेली.

शनिवार माझा कसा गेला ते आठवत नाही. रविवारी सकाळी मी ठरवलं की सांगून टाकायचं. अजून एक दिवस हातात होता. धुळ्याची मोटार सोमवारी सकाळची होती. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ती पाणी आणायला गेली होती. चाचीने मला ओढून आत बसवलं, गुळाचा चहा केला. ती इतकी मोकळी हसताना मी कधी पाहिली नव्हती. "तेरे पत्तों ने मेरी बेटी को रोक लिया," ती म्हणाली. "अल्लाह तेरा भला करे." चाचाजी कोपऱ्यात कापूस पिंजत होते. त्यांनी हात थांबवला, पण वर पाहिलं नाही. "उस अर्जी पर दस्तखत मैंने किए थे, बेटी," ते म्हणाले आणि पुन्हा तारेवर ठोका दिला. माणूस एरवी अंगठा उठवायचा. मुलीच्या अर्जासाठी तो सही करायला शिकला असावा. हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

मी चहा प्याले. ती पाण्याची घागर घेऊन दारात आली तेव्हा मी उठले, आई वाट पाहत असेल म्हणाले आणि निघाले. सोमवारी मोटारीचा भोंगा ऐकला तेव्हा मी अंथरुणातच होते.

त्यानंतर पत्ते मी काढले नाहीत. डोळे दुखतात असं सांगितलं. ती तशीच येत राहिली, इंग्रजी वाचत राहिली, पण रमजाननंतर तिचं दोंडाईच्याला लग्न झालं. घरी राहिलेल्या मुलीचं लग्न थांबवायला चाचीकडे आता काही कारण नव्हतं. आणि लग्नाला दोन महिने होतात न होतात तोच माझ्या वडिलांची जळगावला बदली झाली. मला आनंद झाला, हे लिहायला हवं. जळगावला वाचनालय होतं, इंग्रजी पुस्तकं मिळत. निघताना तिला पत्र लिहीन असं मनात होतं. मी लिहिलं नाही. काय लिहायचं, ते त्या रविवारपासून ठरत नव्हतं.

गेल्या वर्षी नात्यातल्या एका लग्नासाठी आम्ही नंदुरबारला आलो. ती बाळंतपणाला माहेरी आली आहे असं कळलं. मी गेले. ती दारात बसून लंगोटांच्या घड्या करत होती, जराशी भरली होती, बाकी तशीच. "मडम उनी," ती आत हाक मारून म्हणाली आणि मला शेजारी बसायला जागा केली. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मी ते सांगितलं. पान तिच्या बाजूने बघायचं असतं, ते सुलट होतं, आणि शेवटचे शब्द माझे होते.

तिचे हात थांबले नाहीत.

"माले मालूम व्हतं," ती म्हणाली. "सगळ्या बायासनं पान तू मान वाकडी करीसन देखे. मन्हंच तेवढं सरळ दखं."

"मग गेली का नाहीस?"

"पानले कोन इचारस. तू कधी कोनाकडे काही मांगं नही. त्या दिवशी पहिल्यांदा मांगं. माले वाटनं, हाई एकटी शे, ऱ्हाई जाऊ एक वरीस. पुढला वरीस परत अर्ज करसू." तिने घडीवरून तळहात फिरवला. "पुढला वरीस मी दोंडाईच्याले, आनि तू बी नव्हती."

मग तिनेच विचारलं, "तठे जळगावले कोनी शे का बोलाले?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग दोन्हीसनं बी गयं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आत मूल रडलं. तिने घड्या माझ्या मांडीवर ठेवल्या आणि उठून गेली. परत आली तेव्हा मूल खांद्यावर होतं, मागून चाची चहा घेऊन आली, आणि आम्ही लग्नातल्या जेवणाबद्दल बोललो.