तिचे धडे मीच वाचले

मंडळी, आज सकाळपासून स्वतःवरच चिडले आहे, म्हणून लिहिते.

आमची केतकी खारघरच्या एका कॉलेजात मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. अंतर्गत परीक्षेत नापास झाली, परवा फेरपरीक्षा आहे. अभ्यासच केला नसेल असं वाटलं, म्हणून आज तिचं पुस्तक उघडलं, तर पानंच्या पानं हायलायटरने पिवळी केलेली.

"अगं, यातलं महत्त्वाचं काय?" मी विचारलं.

"सगळंच वाटतं ना. काय सोडायचं तेच कळत नाही." मग शांतपणे म्हणाली, "बारावीपर्यंत ते तूच ठरवायचीस, आई."

खरं आहे. प्रत्येक धडा आधी मी वाचायचे, पेन्सिलीने खुणा करायचे, नोट्स काढायचे. ती फक्त पाठ करायची. मार्क छान पडायचे, त्यामुळे मला कधी शंकाही आली नाही.

आज म्हटलं, "एक परिच्छेद वाच, पुस्तक मीट आणि तुझ्या शब्दांत सांग."

दोन वाक्यांत ती अडली. रडवेली होऊन म्हणाली, "परवा पेपर आहे आणि हे आता शिकवतेस? या वेळी दे ना खुणा करून, प्लीज."

मी पेन्सिल घेतली. पेपरला असलेल्या चारही धड्यांवर खुणा करून दिल्या. ती लगेच पाठ करायला बसली, आणि मला ते बघवेना.

सोसायटीतल्या ज्या मैत्रिणी तेव्हा माझ्या नोट्सचे फोटो मागायच्या, त्यांना विचारते: तुमची मुलं आता स्वतःचं स्वतः वाचतात का? मला बरं वाटावं म्हणून नको, खरं सांगा.