चिलीला जाणाऱ्या मुलीची साक्ष

मी न वाचता सही करते. ही माझी जुनी खोड आहे आणि तिची मी वकिली करणार नाही. मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हापासून शाळेतून कागद यायला लागले. पोहायला नेणार, समुद्रावर नेणार, डोंगरावर नेणार, टोपी द्या, शेंगदाणे चालतात का सांगा, सही करा. पहिले दोन-तीन कागद आम्ही नवरा-बायकोने अक्षर न् अक्षर वाचले. मग लक्षात आलं की इथे शिंकायचाही कागद असतो आणि सगळ्या कागदांत तेच लिहिलेलं असतं. तेव्हापासून शेवटचं पान उघडायचं, रेघ शोधायची आणि सही ठोकायची.

त्यामुळे परवाच्या एप्रिलमध्ये मुलीने सहा पानांचा गठ्ठा हातात दिला तेव्हा मी तेच केलं. ती आता वीस वर्षांची, इथेच टौरंगा शहरात नर्सिंग शिकते. तिच्या कॉलेजातल्या ख्रिस्ती मुलामुलींचा एक गट आहे. ते जूनच्या सुट्टीत तीन आठवडे चिलीला जाणार होते, वाळवंटाच्या कडेच्या वस्त्यांमध्ये. मुलांना गोष्टी सांगायच्या, म्हाताऱ्यांचा रक्तदाब बघायचा, रंगकाम करायचं आणि प्रार्थना. हिने शाळेत चार वर्षं स्पॅनिश घेतलेलं. मी मराठीत काही विचारलं तर उत्तर इंग्लिशमध्ये येणार, पण स्पॅनिश मात्र फाडफाड!

"यात तुझ्याबद्दल थोडं लिहिलंय, आई. नीट वाच हं," असं ती म्हणाली होती. गठ्ठा दोन दिवस फ्रिजवर पडून राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा उकळत होता तेवढ्यात मी सही केली.

"वाचलंस? ऑल ऑफ इट?"

"हो गं बाई, वाचलं सगळं."

तिने मला एकदम मिठी मारली. एरवी ही पोर मिठ्या मारणाऱ्यातली नाही. मला वाटलं, चिलीचा आनंद झालाय.

आमच्या घरात ख्रिस्त कसा आला ते सांगायला हवं. आम्ही पुण्याचे. घरात गणपती, अन्नपूर्णा, सासूबाईंनी दिलेला बाळकृष्ण. नवरा इथल्या बंदरावर इंजिनियर होता. ती नऊ वर्षांची असताना, जूनमध्ये, तो सकाळी कामावर गेला आणि तिथेच हार्ट अटॅकने गेला. एक्केचाळीस वय. इथे हिवाळा जूनमध्येच लागतो, तो अख्खा मी अंथरुणात काढला. ती आपली आपण शाळेत जायची, आणि शाळेनंतर शेजारच्या सामोअन, म्हणजे सामोआ बेटांवरच्या, बाईंकडे. त्यांनी तिला स्वतःच्या चार पोरांत पाचवी म्हणून धरलं, गरम जेवू घातलं आणि रविवारी आपल्याबरोबर चर्चला नेलं. सप्टेंबरात एक दिवस त्याच बाई माझ्या खोलीत आल्या, पडदे उघडले आणि म्हणाल्या, "पुरे झालं आता. तुझी मुलगी आहे." मी उठले. फळं निवडून खोक्यांत भरतात त्या पॅकहाऊसमध्ये कामाला लागले. पुढे सोळाव्या वर्षी मुलगी म्हणाली की मला बाप्तिस्मा घ्यायचाय. मी काय तोंडाने नाही म्हणणार होते? ज्या घराने तिला जेवायला घातलं त्या घराचा देव तिने घेतला. पुण्याहून फोनवर माझ्या भावाने तोंडसुख घेतलं, तेव्हा मी त्यालाच झापलं. पण आतून मला ते लागलं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तर, जायच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये या मुलांना निरोप द्यायचा कार्यक्रम होता. पालकांनी यायचं. मी सुती साडी नेसून गेले. दारात एका उंच माणसाने "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करत हात धरला आणि मला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

त्यांच्यात प्रत्येकाने साक्ष द्यायची असते. मला साक्ष म्हणजे कोर्टातलीच माहीत. इथे तिचा अर्थ असा, की देव भेटण्याआधी माझं आयुष्य कसं होतं, मग तो कसा भेटला आणि आता कसं आहे, ते उभं राहून सांगायचं. चिलीत हीच साक्ष स्पॅनिशमध्ये द्यायची होती म्हणून आधी इथे तालीम. एक मुलगा म्हणाला तो दारू प्यायचा. एकीला जेवण जायचं नाही. मग आमची मुलगी उठली. हातात कागद.

"मी नऊ वर्षांची असताना माझे बाबा गेले," ती इंग्लिशमध्ये वाचू लागली. "त्या हिवाळ्यात माझी आई झोपून राहिली. मी सकाळी उठून माझे माझे कॉर्नफ्लेक्स घ्यायचे. दूध संपलं की पाण्यात. शाळेत जाताना तिच्या दाराशी उभी राहून बाय म्हणायचे. आमच्या घरात खूप देव होते, पण त्यांच्यापुढे दिवा लावायला कोणी नव्हतं. ते अंधाराचं घर होतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अंधाराचं घर? ज्या घरात तुझी पाचवी पुजली, तुझ्या प्रत्येक वाढदिवसाला औक्षण केलं, ते? दोनशे परक्या माणसांपुढे? मी पर्स घट्ट धरून बसले, नाहीतर उठून बाहेरच गेले असते.

पुढे शेजारणीचं आलं, गरम सूप आलं, चर्च आलं. आणि मग ती म्हणाली, "खूप वर्षं मला आईचा राग होता. पण मग मला कळलं की तिला माहीतच नव्हतं. ती झोपली होती. तिने मला कधी ऐकलं नाही. म्हणून मी तिला माफ करू शकले." इथे तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "आमचा नियम आहे की साक्षीत घरच्या माणसाबद्दल लिहिलं तर त्यांना आधी वाचायला द्यायचं. माझ्या आईने हे पान वाचलं आणि सही केली. एक शब्दही बदलायला सांगितला नाही. आज ती इथे बसली आहे. माझ्या ओळखीत इतकं धाडसी कोणी नाही."

सगळे माझ्याकडे वळले आणि टाळ्या वाजवायला लागले.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. नंतर चहाच्या टेबलाशी बायका येऊन मला मिठ्या मारत होत्या, "सो ब्रेव्ह" म्हणत होत्या, आणि मी हातातल्या बिस्किटाचा चुरा करत होते. न वाचलेल्या कागदाचं कौतुक मी पदरात घेत होते, पण ती लाज त्यातल्या त्यात छोटी होती. मोठी गोष्ट वेगळीच होती.

मी झोपलेली नसायचे.

त्या हिवाळ्यात मी रोज जागी असायचे. कपाट उघडल्याचा आवाज मला यायचा. वाडग्यात कॉर्नफ्लेक्स पडल्याचा यायचा. दूध नसलं की नळ सोडल्याचाही यायचा. मग दाराशी तिची पावलं थांबायची, "बाय आई" यायचं, आणि मी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून पडायचे. ती घराबाहेर जाईपर्यंत मी हलायचे नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरला नाही, आईला नाही, माझ्या गणपतीलासुद्धा नाही. आणि आता माझी मुलगी सातासमुद्रापार जाऊन सांगणार होती की माझ्या आईला माहीत नव्हतं, म्हणून मी तिला माफ केलं. माफी तिने झोपलेल्या आईला दिली होती. मला नव्हती दिली.

चार दिवस मी गप्प राहिले. एक मन म्हणे, कशाला? पोर सुखात आहे, जाऊ दे ना. बारा तास विमानात बसून चांगल्या कामाला निघाली आहे, तिच्या डोक्यात हे कशाला घालतेस? दुसरं मन म्हणे, तुझी कातडी वाचवतेयस, आणि नाव तिचं घेतेयस. मी पॅकहाऊसमध्ये क्वालिटीला आहे. पट्ट्यावरून किवीफळं येतात, त्यातलं दबलेलं फळ हेरून बाजूला काढणं हे माझं काम. त्या चार दिवसांत माझ्या डोळ्यांसमोरून काय गेलं देव जाणे. सुपरवायझरने दोनदा टोकलं.

गुरुवारी दुपारी ती लाउंजमध्ये कार्पेटवर सामान मांडून बसली होती. रंगीत खडू, बाहुल्या, रक्तदाबाचं यंत्र, थंडीचे थर्मल कपडे. मी समोर सोफ्यावर बसले.

"मी तो कागद वाचला नव्हता," मी म्हणाले. "न वाचताच सही केली होती."

तिचा हात थांबला. "यू सेड यू रेड इट."

"खोटं बोलले. रविवारी पहिल्यांदा ऐकलं." मग मी थांबले असते तर कधीच बोलले नसते, म्हणून तसंच पुढे रेटलं. "आणि त्यात एक चूक आहे. मी झोपलेली नसायचे, बाळा. मी जागी असायचे. मला ऐकू यायचं."

तिने हातातली बाहुली खाली ठेवली. "बाय म्हणायचे ते?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"मी पाणी घालायचे तेव्हा?"

"तेव्हाही."

"मग उठली का नाहीस?" असं तिने इंग्लिशमध्ये, अगदी हळू विचारलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुःख होतं, आजार होता, असं नंतर डॉक्टरने नाव दिलं त्याला, आणि ते खरंच असेल. पण ती विचारत होती ते वेगळं होतं. मी म्हणाले, "माहीत नाही गं. उठले नाही, एवढं खरं."

तिने गाडीची किल्ली उचलली आणि निघून गेली. जेवायच्या वेळेला परत आली, पण माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शनिवारी सकाळी त्यांची व्हॅन दाराशी आली. मी वाटीत दही-साखर घेऊन उभी होते. ख्रिस्ती झाल्यावरही ती प्रत्येक परीक्षेला हातावर दही घ्यायची. ते काही प्रसाद नाही, आईचं आहे, असं तीच म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, "नो थँक्यू." आणि व्हॅनमध्ये जाऊन बसली. आईला थँक्यू लावून नाही म्हणणं म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको.

बारा दिवस तिचा मेसेज नाही. गटाचा पुढारी पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकायचा, त्यात ती दिसायची. मुलांबरोबर भिंत रंगवताना, एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधताना. हसत असायची. मी फोटो मोठा करून डोळे बघायचे, त्यातून काही कळायचं नाही.

तेराव्या दिवशी त्याच ग्रुपवर एक व्हिडिओ आला. आम्ही दहाच्या सुट्टीत, म्हणजे इथल्या भाषेत स्मोकोला बसलो होतो. हंगाम संपला होता, पण फळं पुन्हा तपासून भरण्याचं काम चालू होतं, आणि माझ्या शेजारी चिलीचीच एक मुलगी कामाला होती. वर्षभरासाठी आलेली, अठ्ठावीस वर्षांची, अतिशय बडबडी. मी फोन तिच्यापुढे धरला. "माझी मुलगी आहे. काय म्हणतेय सांग. काही गाळू नकोस."

व्हिडिओत मातीचं अंगण, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, शाली पांघरलेल्या बायका. माझी मुलगी निळ्या जॅकेटमध्ये उभी. हातात कागद नव्हता. ती बोलायला लागली आणि ही चिलीची मुलगी इंग्लिशमध्ये मला सांगत गेली. बाबा गेले. हिवाळा होता. ती एकटी न्याहारी करायची. आणि मग चिलीची मुलगी बोलायची थांबली.

"सांग," मी म्हणाले.

"म्हणतेय, मी आजवर सगळ्यांना सांगत आले की माझी आई झोपली होती. ते खरं नाही. ती जागी होती, तिला ऐकू येत होतं. मी इथे यायच्या दोन दिवस आधी तिने मला स्वतः सांगितलं, आणि मी तिच्याशी न बोलता निघून आले." चिलीच्या मुलीने माझ्याकडे चोरून पाहिलं. "म्हणतेय, मी तुम्हाला क्षमेबद्दल सांगायला आले होते, आणि मला ती करता येत नाहीये. मी काय सांगू तुम्हाला? तुम्हीच माझ्यासाठी प्रार्थना करा."

व्हिडिओत कोणीतरी खाकरलं. सगळं जरा अवघडलं. मग पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठली, बुटकी, पाठीत वाकलेली. तिने माझ्या मुलीचे दोन्ही हात धरले, डोळे मिटले आणि मोठ्याने बोलायला लागली. माझी मुलगी खाली मान घालून रडत होती.

"ही काय म्हणतेय?"

चिलीच्या मुलीने बाहीला नाक पुसलं. "म्हणतेय, प्रभू, ही लेक रागावली आहे. तिला रागावू दे, तिचा हक्क आहे. आणि हिची आई तिकडे लांब आहे, ती इतकी वर्षं जागीच पडली आहे. तिला आता झोप लागू दे."

मी त्या सगळ्या माणसांत, हेअरनेट घातलेली, हुंदके देऊन रडले. नवरा गेला तेव्हा मी रडले नव्हते. कोण कुठली म्हातारी, तिने माझं तोंड पाहिलेलं नाही, मी तिच्या देवाची नाही, आणि ती माझ्यासाठी असं मागत होती. घंटा झाली तरी चिलीची मुलगी माझ्या पाठीवर हात फिरवत बसून राहिली.

तिथे बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की मुलीला क्षमा करता येत नव्हती, कारण मी ती मागितलीच नव्हती. सोफ्यावर बसून सगळं खरं सांगितलं, सांगून मोकळी झाले, आणि पुढचं तिच्या गळ्यात टाकलं. अकरा वर्षांत एकदाही तो शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता.

मी बाहेर येऊन गाडीत बसले, फोनवर व्हॉइस मेसेजचं बटण दाबलं आणि बोलले, "बाळा, माझं चुकलं. तू दाराशी उभी असायचीस आणि मी उठायला हवं होतं. मला माफ कर." त्यापुढे काही सुचलं नाही. तसंच पाठवून दिलं.